पालकाची साक्ष

बाजारात पालकाची जुडी हातात घेतली की मी अजूनही ती उगाच उलटीसुलटी करत उभा राहतो. भाजीवालीला वाटतं मी किडकी पानं शोधतोय. ती वैतागून म्हणते, "घ्यायची असन त घ्या, नाई त ठेवा." मी ठेवून देतो. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवत होतो तेव्हा तीन वर्षं मी सकाळी सकाळी पालक विकत घेतला आणि त्यातलं एक पानसुद्धा पोटात गेलं नाही. त्या पालकाकडून मी पाणी तपासून घ्यायचो. एकदा त्या तपासणीच्या जोरावर मी एका बाईचा अख्खा उन्हाळा बुडवला, आणि चूक कळल्यावरही गप्प बसलो. ही गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वनस्पतीशास्त्राचा साधा अधिव्याख्याता, वय पस्तिशीकडे झुकलेलं, आणि पीएच.डी. अजून व्हायचीच होती. बरोबरीचे लोक नावामागे डॉक्टर लावून हिंडत होते. स्टाफरूममध्ये मला कुणी 'या डॉक्टरसाहेब' म्हटलं की ती थट्टा असायची, आणि मी हसून साजरी करायचो. विषय मात्र मला मनापासून आवडायचा. पालकाच्या पेशींमध्ये हिरवे कण असतात, उन्हावर झाडाचं अन्न शिजवणारे. ते अलगद बाहेर काढून थंडगार ठेवले तर पेशीबाहेरही काही तास आपलं काम करत राहतात. त्यांच्यात एक निळा रंग टाकायचा आणि काचेची नळी दिव्यासमोर धरायची. कण धडधाकट असतील तर पाच-सात मिनिटांत निळा रंग उडतो, नुसतं हिरवं उरतं. पण त्याच नळीत तणनाशक किंवा तसलं काही विष असलेलं पाणी घातलं, की कण लुळे पडतात आणि निळा तसाच राहतो. महागडं यंत्र नको, नमुने मुंबईला पाठवायला नकोत. निळा उडाला तर पाणी बरं, नाही उडाला तर पाण्यात काहीतरी आहे. काय आहे, ते मात्र पालक सांगत नाही. हे मला पाठ होतं, वर्गात मुलांना मीच शिकवायचो.

हा सगळा खेळ बर्फावर चालतो, आणि चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो ते वेगळं सांगायला नको. कॉलेजचा फ्रीज विजेच्या मर्जीनं चालायचा. म्हणून मी मासळीबाजारातल्या बर्फवाल्याकडून लादीचा तुकडा घ्यायचो आणि गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणायचो. पानं वाटायला घरचा मिक्सर नेऊन ठेवला होता, गाळायला मलमलीचं फडकं. बायको म्हणायची, "पालक नेता, मिक्सर नेता, फडकं नेता, आन् संध्याकाळी रिकाम्या हातानं येता. असा सैपाक मी कुठी पाह्यला नाई बाप्पा." ती नागभीडजवळच्या एका गावची. बोलायला फटकळ आणि मनानं सरळ.

माझे मार्गदर्शक नागपूरला होते. एकदा माझी वही चाळून ते म्हणाले, "तुम्हीच पाण्यात विष टाकता आणि तुम्हीच पकडता. चोर घरचा, शिपाई घरचा. बाहेरचं पाणी आणा, ज्यात खरंच काही सापडेल." झालं, त्या दिवसापासून मी पाण्यामागे लागलो. घुग्घुसच्या वाटेवरची डबकी पालथी घातली, पण ते पाणी कोळशाच्या भुकटीनं इतकं काळं की त्यात निळं काय नि हिरवं काय, काहीच दिसायचं नाही. विहिरींचं आणलं, नाल्यांचं आणलं. पालक आपला मुकाट्यानं निळा रंग उडवून मोकळा व्हायचा. शेवटी शेवटी असं झालं की पाणी चांगलं निघालं की मला राग यायचा. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच होतं. कुठंतरी, कुणाच्यातरी पाण्यात विष सापडावं, अशी माझी इच्छा होती.

एप्रिलच्या शेवटी सासुरवाडीला गेलो. चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडीनं नागभीड, पुढे मेहुण्याची मोटारसायकल. गाव धानाचं. गावाला लागून जुन्या मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव आणि त्यातल्या मासोळीवर जगणारा ढिवर मोहल्ला. तिथली एक बाई सासऱ्यांकडे वर्षानुवर्षं मासोळी घेऊन यायची. डोक्यावर बांबूची टोपली, वर ओलं फडकं. माझ्या बायकोला तिनं परकरात हिंडताना पाहिलेलं, म्हणून मी तिचाही जावई. त्या गावात जावई एका घराचा नसतो, सगळ्या गावाचा असतो, आणि त्याचं चुकलं असं त्याच्या तोंडावर कुणी म्हणत नाही.

त्या दिवशी तिनं ओसरीवर टोपली उतरवली, घाम पुसला आणि मला म्हणाली, "जवाईबापू, तुमी पाणी तपासून राह्यले म्हणे?"

"हो बाई. का?"

"तळ्यात दोन-चार मासोळ्या उलट्या पडून दिसल्या जी. काठच्या वाडीवर लोकं दवाई मारून राह्यले. पाहा ना एकदा. आमचे पोट्टे तिथंच पोहतात, तेच पाणी पितात."

उन्हाळ्यात तळं आटतं, पाणी तापतं, आणि पहाटेच्या वेळी एखादी मासोळी गुदमरून उलटी पडते. हे मला तरी माहीत असायला हवं होतं. पण माझ्या कानात फक्त 'दवाई' हा शब्द शिरला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत झाली. सोबत आणलेले दोन प्लास्टिकचे डबे मी तिच्या हातात दिले. "स्वच्छ धुवा आणि मधल्या खोल पाण्यातून भरून आणा," एवढं सांगितलं.

खरं तर नमुना ज्याला तपासायचा आहे त्यानंच काठावर जाऊन घ्यायचा असतो. डबा त्याच तळ्याच्या पाण्यानं तीनदा विसळायचा, बाकी काही लावायचं नाही. पण बाहेर ऊन रणरणत होतं, आत कूलर होता, आणि जावई आला म्हणून सासूबाईंनी मरळीचं कालवण आणि आमरस केला होता. मी पोटभर जेवलो आणि झोपलो. शिवाय मी आयुष्यात एक ताट धुतलेलं नव्हतं. कॉलेजात बाटल्या परिचर धुवायचा आणि घरी बायको. 'स्वच्छ धुवा' म्हटल्यावर समोरचं माणूस नेमकं काय करेल, हा प्रश्न माझ्यासारख्याच्या डोक्यात यायचाच नाही.

संध्याकाळी ती आणि तिचा नवरा डबे घेऊन आले. डबे लखलखीत, बाहेरूनसुद्धा. "मस्त धुतले जी," ती म्हणाली. नवरा कमी बोलणारा माणूस होता, तो नुसता हसला. मी दोघांना चहा पाजला आणि सकाळच्या गाडीनं डबे घेऊन निघालो.

कॉलेजात पालक वाटला, गाळला, कण बर्फावर ठेवले. एका नळीत आमच्या नळाचं पाणी घातलं, दुसरीत एका डब्यातलं तलावाचं. नळाच्या पाण्यातला निळा उडाला. तलावाच्या पाण्यातला उडाला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. मी एकटाच होतो, आणि टेबलावर थाप मारून "अरे वा!" असं ओरडलो. त्या तळ्यात पोहणारी पोरं मला तेव्हा आठवलीसुद्धा नाहीत.

अजून एक पायरी बाकी होती. रिकाम्या डब्यात शुद्ध पाणी भरायचं, हलवायचं आणि ते तपासायचं, म्हणजे खोट डब्यातच तर नाही ना ते कळतं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात ती पायरी लिहिलेली होती. मी ती केली नाही. विसरलो असं म्हणायला मला आवडेल, पण विसरलो नव्हतो. हाती आलेलं जाईल की काय, या भीतीनं मी वही मिटली.

त्याच संध्याकाळी एसटीडी बूथवरून सासऱ्यांना फोन केला. ते, म्हणजे बायकोचे आबा, निवृत्त हेडमास्तर, गावात त्यांच्या शब्दाला वजन. "मामाजी, पाणी ठीक दिसत नाही. सध्या तळ्यातली मासोळी घेऊ नका," मी म्हणालो. त्यातलं 'ठीक दिसत नाही' आणि 'सध्या' वाटेतच गळून पडलं. सासरे पानठेल्यावर बोलले, पानठेल्यावरून ते घराघरांत गेलं, आणि आठवडी बाजारापर्यंत असं झालं की तळ्यात जहर आहे, जवाईबापूनं कॉलेजात मशीन लावून पाहिलं. मशीन कुठलं, बायकोचा मिक्सर!

उन्हाळ्याचे तेवढे दीड-दोन महिने म्हणजे तिथल्या मासेमारीचे खरे दिवस. पाणी उतरलेलं असतं, मासोळी हाती लागते. पावसानं तळं भरलं की ती पांगते, सांडव्यावरून नाल्यात निघून जाते, मग जाळं टाकून दिवस दिवस बसा. त्या वर्षी टोपल्या भरून बाजारात गेल्या आणि भरलेल्याच परत आल्या. दोन बाजार असे गेल्यावर जाळी छपरांवर चढली. ती बाई सासऱ्यांच्या दारी यायची बंद झाली. हे सगळं सासूबाईंच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळत होतं. जहरी मासोळी लोकांच्या पोटात जाण्यापेक्षा हे बरं, अशी मी मनाची समजूत घालत होतो. नागपूरला मार्गदर्शक खूश होते. जूनमधल्या एका चर्चासत्रात मी यावर बोलायचं असं ठरलं होतं.

मे अर्धा उलटून गेला होता. आमच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं, म्हणून बायकोनं साठवणीसाठी घरात पडलेला दुसरा डबा काढला. पहिल्या डब्यातच काम भागल्यानं हा मी उघडलाही नव्हता. तिनं तो मोरीत उपडा करायला घेतला आणि मला हाक मारली.

"अहो, इथी या. हा डबा साबणानं घासला कोणं? विसळलाच नाई धड. मोरीभर फेस झाला पाहा."

मी डब्याच्या आत बोट फिरवलं. बुळबुळीत लागलं. कपडे धुवायची पावडर म्हणजे त्या हिरव्या कणांचा काळच. त्यांच्या नाजूक पापुद्र्याची ती पार वाट लावते. डब्यात उरलेलं पाणी मी तिच्या हातून घेतलं आणि तसाच कॉलेजात गेलो. जी पायरी गाळली होती ती आता केली. प्रयोगशाळेत तसाच पडलेला पहिला डबा शुद्ध पाण्यानं विसळून ते पाणी तपासलं. निळा तसाच. मग मेहुण्याला कारण न सांगता काचेच्या कोऱ्या बाटलीत तळ्याचं पाणी आणायला लावलं. त्यात निळा सहा मिनिटांत उडाला. दोनदा केलं, तीनदा केलं. त्या तळ्यात काहीही नव्हतं.

तेव्हा पाऊस यायला तीन आठवडे होते. एक फोन पुरला असता.

बायको म्हणाली, "आजच आबाले सांगा. तळं भराच्या आत तीन बाजार तरी भेटन त्यायले."

मी "सांगतो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तेव्हाही "सांगतो" म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी नाई सांगत त मी सांगते." तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. आबांनी गावभर सांगितलंय, आता त्यांचं तोंड कसं राहील? जावई म्हणून माझं काय राहील? मीच जाऊन नीट समजावून सांगतो, तू मध्ये पडू नकोस. ती गप्प बसली. तिच्यासारख्या बाईला गप्प बसवणं सोपं नव्हतं, पण मी नवरेपणाचा आवाज लावला आणि ते जमलं. खरी गोष्ट आबांच्या तोंडाची नव्हतीच. स्टाफरूममधली ती थट्टा मला पुन्हा ऐकायची नव्हती, आणि नागपूरला जाऊन 'सर, साबण होता' असं म्हणायची माझी छाती नव्हती. चर्चासत्राला मी ताप आल्याचं कळवलं. मग पाऊस आला आणि तळं भरलं.

मी गेलो तो दसरा झाल्यावर. गावात हलक्या धानाची कापणी चालू होती. ती बाई दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात, विळा घेऊन वाकलेली होती. नवरा बल्लारपूरला हमालीला गेला होता, हे मला वाटेतच मेहुण्यानं सांगितलं. गाडीत मी वाक्यं घोकत आलो होतो: चूक माझी आहे बाई, मी डबा तपासायला हवा होता, मला मे महिन्यातच कळलं होतं आणि मी भ्यालो. तीनच वाक्यं होती.

ती बांधावर आली. मी म्हणालो, "बाई, त्या तळ्यात काही नव्हतं. डब्यात साबण राहिला होता, त्यानं सगळं चुकलं."

"साबण?" ती म्हणाली. "तो त म्याच लावला जी. घरचे भांडे आमी राखेनं घासतो. पण जवाईबापूचा डबा, कालेजात जाणार, म्हून दुकानातून पुडी आणली. पुरी पुडी लावली त्याले." मग खाली बघत म्हणाली, "म्हंजे गलती माहीच झाली."

इथं माझं पहिलं वाक्य होतं. ते माझ्या ओठांवर होतं, खोटं सांगत नाही. मी म्हणालो, "असू द्या बाई. होतं असं कधीकधी."

"तुमाले कधी समजलं?"

"आत्ताच," मी म्हणालो. "परवाच."

"आन् लगेच आले सांगाले? एवढ्या दुरून?" तिनं पदरानं डोळे पुसले. मी बांधावरच्या गवताकडे बघत उभा राहिलो.

सासऱ्यांनाही मी तेवढंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, पण पानठेल्यावर जाऊन सांगायचं काही त्यांच्याकडून झालं नाही. मी प्रबंधातून ते तळं काढून टाकलं, त्याजागी दुसरे नमुने घातले, आणि यथावकाश डॉक्टर झालो. स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो, तेव्हा दोघं बाजारात गेलो. ती बाई टोपली मांडून बसली होती. नवरा बल्लारपूरलाच राहिला होता, जाळं आता तिचा भाऊ टाकायचा. टोपलीत मरळ होती, झिंगे होते, पण लोक यायचे, वाकून बघायचे आणि विचारायचे, "तळ्याची हाय का?" मग ती सांगायला लागायची. आम्ही तिच्या मागच्या बाजूला होतो, तिनं आम्हाला पाहिलं नव्हतं.

"तळ्याचीच हाय, घ्या बिनधास्त. पाण्यात काईच नव्हतं. डबा म्या साबणानं घासला, माही गलती. जवाईबापूले समजलं तसे धावत आले बिचारे सांगाले, चंद्रपूरवरून. त्यायची काई गलती नाई."

एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून तेच सांगितलं. दसऱ्यापासून ती हे किती जणांना सांगत आली असेल, कोण जाणे. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिला तो मोरीतला फेस आठवत होता, मे महिना आठवत होता. मला वाटलं आता ती पुढे होऊन बोलेल. खरं तर मीच पुढे व्हायचं होतं. चार पावलांवर ती टोपली होती.

एवढ्यात बाईनं मागे वळून पाहिलं. "अवो माय, जवाईबापू!" म्हणत उठली. टोपलीतली सगळ्यात मोठी मरळ आणि ओंजळभर झिंगे तिनं माझ्या पिशवीत टाकले. मी नको नको म्हणत होतो. "ठेवा जी," ती म्हणाली, "तुमी नसते आले त कोणं खाल्ली असती आमची मासोळी?"

घरी येऊन बायकोनं मासोळी साफ केली, मसाला वाटला, कालवण केलं. मला ताट वाढलं, वाटीत मरळीचे मोठे तुकडे घातले. स्वतः वरणभात घेऊन समोर बसली.

"तू नाही घेत?" मी विचारलं.

"तिनं तुमाले दिली," ती म्हणाली. "तुमीच खा."

मी खाल्ली.